प्रश्नकर्त्याची संहिता : ‘अथीनियन मर्क्युरी’ आणि कादंबरीपूर्व गद्य

इंग्रजी कादंबरीच्या उदयाची मीमांसा करताना व्यक्तिवाद, मध्यमवर्गीय वाचक आणि वास्तववाद या त्रयीचा आधार घेण्याची प्रथा इअन वॉट यांच्या १९५७ मधील ग्रंथापासून रूढ झाली. या मीमांसेत वाचक येतो तो मुख्यतः ग्राहक म्हणून. कोणी तरी त्याच्यासाठी लिहितो, आणि तो ते विकत घेतो. वाचकाने स्वतः लिहिलेल्या गद्याची दखल तीत फारशी घेतली जात नाही. जे. पॉल हंटर यांनी १९९० मध्ये कादंबरीपूर्व लेखनाचा जो विस्तृत पट मांडला, त्यात मात्र धर्मोपदेशपर पुस्तिका, आत्मपरीक्षणाच्या नोंदवह्या आणि वार्तापत्रे यांच्या जोडीने एका नियतकालिकालाही महत्त्वाचे स्थान मिळाले. ‘अथीनियन मर्क्युरी’ हे ते नियतकालिक. ते १६९१ ते १६९७ या काळात लंडनहून प्रसिद्ध होत असे, आणि वाचकांच्या शंकांना व दैनंदिन पेचांना उत्तरे देणे हेच त्याचे प्रयोजन होते. कादंबरीच्या पूर्वेतिहासाच्या दृष्टीने त्यातील उत्तरांइतकेच, किंबहुना त्यांहून अधिक, महत्त्व त्यातील प्रश्नांना आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

या नियतकालिकाचा जनक जॉन डन्टन हा लंडनच्या पोल्ट्री भागातील पुस्तकविक्रेता आणि प्रकाशक. या उपक्रमाची कल्पना कशी सुचली, हे त्याने १७०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. कोणा एका कृतघ्न व्यक्तीने केलेला अपकार त्याच्या मनाला सलत होता. एखाद्या धर्मोपदेशकाचा सल्ला घ्यावा असे त्याला वाटे. परंतु स्वतःची आणि त्या व्यक्तीचीही ओळख झाकून सल्ला मागावा कसा, हा पेच होता. असेच फिरावयास गेला असता त्याला एकाएकी मार्ग सुचला : प्रश्न निनावी असावा आणि उत्तर छापील असावे. हे कथन चौदा वर्षांनंतरचे असल्याने त्यात थोडी सजावट असणे शक्य आहे. तथापि एक गोष्ट त्यातून स्पष्ट होते. ज्ञानप्रसाराच्या इच्छेपेक्षा लज्जा हे या वाङ्मयप्रकाराचे उगमस्थान आहे. सांगितल्यावाचून राहवत नाही आणि आपल्या नावाने सांगता येत नाही, अशा अवस्थेतून तो जन्मला.

ही अवस्था केवळ डन्टनची नव्हती. धर्मसुधारणेनंतर इंग्लंडमध्ये धर्मगुरूपुढील सक्तीचे पापनिवेदन लोपले होते. परंतु ज्या शंकांसाठी माणसे त्याच्याकडे जात, त्या शंका लोपल्या नव्हत्या. सामान्य नियम आणि विशिष्ट प्रसंग यांचा मेळ घालणारे शास्त्र, म्हणजे कॅझुइस्ट्री, प्रॉटेस्टंट धर्मपंडितांनीही जोपासले. जेरेमी टेलर यांचा १६६० मधील आणि रिचर्ड बॅक्स्टर यांचा १६७३ मधील ग्रंथ ही त्याची ठळक उदाहरणे होत. ‘निर्णयसिंधू’ किंवा ‘धर्मसिंधू’ यांसारख्या निर्णयग्रंथांशी परिचय असलेल्या वाचकाला या शास्त्राची पद्धत अनोळखी वाटणार नाही. अपवाद, विकल्प, परस्परविरोधी वचने आणि अखेर निर्णय, असा तिचा क्रम असतो. डन्टनच्या नियतकालिकाने आपल्या उपशीर्षकातच स्वतःला ‘कॅझुइस्टिकल’ म्हणवून घेतले होते. जाडजूड ग्रंथांतील हे शास्त्र त्याने एका पेनीच्या, दोन्ही बाजूंनी छापलेल्या एका पानावर आणले. लंडनमध्ये १६८० पासून सुरू झालेली पेनी टपाल व्यवस्था आणि शहरभर पसरलेली कॉफीगृहे यांमुळे ते शक्य झाले. स्मिथच्या कॉफीगृहाच्या पत्त्यावर कोणीही चिठ्ठी धाडावी, नाव देण्याचे कारण नाही, आणि काही दिवसांनी त्याच ठिकाणी बसून उत्तर वाचावे, अशी ही योजना होती.

कॉफीगृह हे हाबरमास यांच्या १९६२ मधील विवेचनामुळे ‘सार्वजनिक अवकाशा’चे प्रतीक बनले आहे. या अवकाशात ग्राहक म्हणून प्रतिष्ठित स्त्रियांचा वावर जवळजवळ नव्हता, ही गोष्ट त्या विवेचनावरील पुढील चर्चेत वारंवार दाखविली गेली. पण जेथे स्त्री जाऊ शकत नव्हती तेथे तिची चिठ्ठी जाऊ शकत होती. स्त्रियांनीही प्रश्न पाठवावेत काय, अशी पृच्छा एका स्त्रीने केली तेव्हा मे १६९१ मध्ये संपादकांनी होकार दिला, आणि लवकरच महिन्यातील पहिल्या मंगळवारचा अंक प्रेम व विवाह यांविषयीच्या प्रश्नांसाठी राखून ठेवण्यात आला. ही जागा राखीव ठेवण्यात स्त्रियांचा सन्मान होता तसेच त्यांच्या विषयांची हद्दही आखली जात होती. कॅथरिन शेव्हलो आणि हेलन बेरी यांच्या अभ्यासांनी या दुहेरी प्रक्रियेकडे लक्ष वेधले आहे.

प्रश्नांचे विषयवैविध्य थक्क करणारे आहे. आत्म्याचे स्वरूप आणि चंद्रावरील डाग यांच्या शेजारीच पतीने पत्नीला मारणे विहित आहे काय, स्त्रियांनी विद्या संपादन करावी काय, असे प्रश्न येतात. पशूंना बुद्धी किंवा आत्मा असतो काय, ही शंकाही त्यांत आहे. देकार्तने १६३७ मध्ये पशूंना यंत्रवत ठरविले होते. दुसरीकडे, कीथ थॉमस यांनी १९८३ मध्ये दाखविल्याप्रमाणे, इंग्रजी घरांत याच काळात पाळीव प्राण्याला घरात वावरण्याची मुभा, स्वतःचे नाव आणि कधीही न खाल्ला जाण्याची शाश्वती मिळू लागली होती. त्यामुळे तत्त्वज्ञांच्या वादातील हा प्रश्न घरात कुत्रे बाळगणाऱ्या वाचकाच्या दृष्टीने जिव्हाळ्याचाही होता.

मात्र सर्वांत समृद्ध सामग्री आढळते ती वचनासंबंधीच्या प्रश्नांत. प्रेमयाचना करताना दिलेला शब्द बंधनकारक आहे काय? आईवडिलांची संमती नसेल तर? पहिले वचन एकीला आणि दुसरे दुसरीला दिले असेल तर? आजच्या वाचकाला हे केवळ शिष्टाचाराचे प्रश्न वाटतील. परंतु १७५३ चा विवाहविषयक कायदा होईपर्यंत वर्तमानकाळात उच्चारलेला परस्पर स्वीकार धर्मन्यायालयाच्या दृष्टीने विवाहच घडवीत असे, मग तेथे ना धर्मगुरू असो ना साक्षीदार. सबब एका वाक्यातील क्रियापदाच्या काळावर कोणाचे सारे आयुष्य अवलंबून असू शकत होते. अशा प्रश्नकर्त्याला नेमके काय बोलले गेले, कोणत्या प्रसंगी, कोणत्या मनःस्थितीत, हे तपशिलाने सांगणे भाग पडे. तपशील येथे शोभेसाठी येत नाही. निर्णय त्यावर अवलंबून असतो. वास्तववादी कथनाची परिस्थितिनिष्ठा या गरजेत आधीच अनुस्यूत आहे.

या प्रश्नांना उत्तरे देणारे ‘अथीनियन मंडळ’ ही मुळात एक कल्पितकथा होती. विविध शास्त्रांतील विद्वानांचा गुप्त संघ, असा आभास निर्माण करण्यात आला होता. प्रत्यक्षात डन्टन, गणिताचा शिक्षक रिचर्ड सॉल्ट आणि डन्टनचा साडू असलेला तरुण धर्मोपदेशक सॅम्युएल वेस्ली एवढ्यांवरच मुख्य भार होता. तत्त्वज्ञ जॉन नॉरिस अधूनमधून साहाय्य करीत. तरुण जोनाथन स्विफ्टने या मंडळाला उद्देशून लिहिलेले स्तोत्र १६९२ मध्ये प्रसिद्ध झाले. ते त्याचे पहिले प्रकाशित काव्य होय. त्याच वर्षी चार्ल्स गिल्डनने मंडळाचा ‘इतिहास’ही लिहिला. फूको यांनी १९७६ मध्ये पापनिवेदनाच्या पाश्चात्त्य परंपरेचे जे विश्लेषण केले, त्यात सत्ता ऐकणाऱ्याच्या हाती असते. बोलणारा तिच्यापुढे उघडा पडतो. ‘मर्क्युरी’च्या व्यवहाराला हे विश्लेषण जसेच्या तसे लागू पडत नाही. येथे दोन्ही पक्षांनी मुखवटे घातलेले आहेत. प्रश्नकर्ता निनावी आहे आणि अधिकारी कल्पित आहे. शिवाय त्या दोघांचे संभाषण तिसराच कोणी, म्हणजे पेनी देणारा वाचक, ऐकत आहे. परक्याच्या खासगी पेचात असे रस घेणे हीच पुढे कादंबरीवाचकाची भूमिका ठरली.

आंद्रे योलेस यांनी १९३० मध्ये ‘साध्या रूपां’ची मांडणी करताना दंतकथा, कोडे, म्हण इत्यादींबरोबर ‘कासुस’ म्हणजे ‘प्रसंग’ हेही एक रूप मानले. दोन नियम किंवा दोन मूल्ये परस्परांना भिडतात आणि तराजूची पारडी स्थिर होत नाहीत, तेथे हे रूप उद्भवते. त्याचे सामर्थ्य प्रश्न उपस्थित करण्यात असते. निर्णय लागला की ते रूप संपते. या दृष्टीने ‘मर्क्युरी’तील उत्तर हे प्रश्नाचा शेवट होय. प्रश्न जोवर अनुत्तरित असतो तोवरच त्यात कथा असते. जी. ए. स्टार यांनी १९७१ मध्ये डीफोच्या कथात्म लेखनाचे नाते कॅझुइस्ट्रीशी जोडले ते याच संदर्भात अर्थपूर्ण ठरते. डीफो अथीनियन वर्तुळाला परिचित होता, आणि १७०४ मध्ये सुरू केलेल्या ‘रिव्ह्यू’ या आपल्या पत्रात त्यानेही वाचकांना सल्ला देणारे एक कल्पित मंडळ उभे केले. पुढे ‘मॉल फ्लँडर्स’ (१७२२) आणि ‘रोक्साना’ (१७२४) यांतील नायिका अडचणीच्या प्रत्येक वळणावर आपला ‘प्रसंग’ मांडतात. फक्त आता उत्तर देणारे मंडळ नाही. ती जागा वाचकाला देण्यात आली आहे. रिचर्डसनच्या बाबतीत हे नाते अधिकच उघड आहे. वेगवेगळ्या प्रसंगी कोणते पत्र कसे लिहावे हे शिकविणारा नमुनापत्रांचा संग्रह रचताना त्याला ‘पामेला’ची कल्पना सुचली आणि ती कादंबरी १७४० मध्ये, त्या संग्रहाच्याही आधी, प्रसिद्ध झाली.

येथे एक आक्षेप संभवतो. काही प्रश्न संपादकांनीच रचले असतील, तर प्रश्नकर्त्याच्या संहितेविषयी बोलणे कितपत सयुक्तिक आहे? अस्सल आणि बनावट यांची वाटणी आता करता येणार नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु बनावट प्रश्नालाही खऱ्या प्रश्नासारखे दिसावे लागत होते. सामान्य माणूस आपली अडचण कशी सांगतो, तो कोठे अडखळतो, काय लपवतो, याचे एक रूप वाचकांच्या पत्रांनी सिद्ध केले होते, म्हणूनच त्याचे अनुकरण शक्य झाले. आपली कहाणी खरी असल्याचा डीफोच्या निवेदिकांचा दावा याच संकेतावर उभा आहे.

हा प्रकार केवळ इंग्रजी वाङ्मयेतिहासापुरता मर्यादित नाही. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर १९३४ मध्ये मुंबईत जो अश्लीलतेचा खटला झाला, तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरूनच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कर्व्यांची बाजू मांडली. तरीही दंड झालाच. या प्रकरणाची चर्चा संपादकाचे धैर्य आणि वकिलाचा युक्तिवाद यांभोवती होते, आणि ते योग्यही आहे. परंतु ज्या निनावी वाचकांनी आपली शंका शब्दांत मांडण्याचे धाडस केले, त्यांच्या मराठी गद्याकडे लेखन म्हणून पाहण्याची गरज त्यामुळे उरत नाही असे नव्हे.

‘अथीनियन मर्क्युरी’ जून १६९७ मध्ये, ५८० अंकांनंतर, कायमचे बंद पडले. निवडक प्रश्नोत्तरांचे खंड पुढे निघत राहिले. पशूंच्या आत्म्याविषयी किंवा पत्नीच्या ताडनाविषयी त्या मंडळाने काय निर्णय दिला, हे आज बहुतांशी कुतूहलाचे विषय उरले आहेत. त्यांतील उत्तरे कालबाह्य झाली. पण दिलेल्या शब्दाच्या कचाट्यात सापडलेल्या कोणा अनामिकेने आपली परिस्थिती ज्या वाक्यांत मांडली, ती वाक्ये अद्याप वाचनीय आहेत, कारण त्यांतील पेच उत्तराने पुरता सुटलेला नाही. कादंबरीने तो पेच पुढे चालविला. त्याची पहिली मांडणी तिच्या वाचकांनी केली होती.