डावाची कीर्द, खेळाडूची खतावणी

24/19/2.6 किंवा 52/6/0.8. ऑनलाइन पोकरमधल्या सराईत खेळाडूच्या पडद्यावर प्रत्येक प्रतिस्पर्ध्याच्या नावाशेजारी अशी आकड्यांची पट्टी असते. शंभर डावांपैकी किती डावांत हा माणूस सक्ती नसताना पॉटमध्ये, म्हणजे डावाच्या सामायिक रकमेत, पैसे घालतो, हे पहिला आकडा सांगतो. दुसरा सांगतो, पहिल्या फेरीत तो स्वतःहून किती वेळा रक्कम चढवतो. तिसरा म्हणजे पुढच्या फेऱ्यांतल्या त्याच्या बेट (रक्कम लावणं) आणि रेझ (ती चढवणं) यांच्या बेरजेला कॉलच्या (समोरच्याइतकीच रक्कम घालण्याच्या) संख्येने भागून आलेलं गुणोत्तर. एवढ्यावरून पहिला खेळाडू निवडक पत्ते घेऊन चढाई करणारा, आणि दुसरा हाती येईल ते घेऊन नुसता मागे जाणारा, असा निवाडा होतो. ही पद्धत गणिताची देणगी समजली जाते, पण यातलं गणित सातवीतल्या मुलालाही येतं. तिची खरी जननी डावाची लेखी नोंद आहे, आणि नोंदीचं पहिलं काम होतं झालेला डाव पुन्हा तपासता येणं. हे मूळ नजरेआड झाल्यामुळे या आकड्यांवर बंदी असावी की नसावी हा वाद चुकीच्या प्रश्नाभोवती फिरतो आहे, असं माझं म्हणणं आहे.

प्रतिस्पर्ध्यांचे प्रकार पाडण्याची सवय आकड्यांपेक्षा कितीतरी जुनी. कोण सैल खेळतो, कोण आवळून. कोण चढाई करतो, कोण दबतो, हे अमेरिकेतल्या पत्त्यांच्या खोल्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या बोललं जात होतं. माइक कॅरोने 1984 मध्ये देहबोलीवर अख्खं पुस्तक लिहिलं: चिप्स कशा ठेवल्या, नजर कुठे गेली, हात थरथरला का. मानसशास्त्रज्ञ ॲलन शूनमेकर यांनी 2000 साली सैल-आवळ आणि चढाऊ-दबते हे दोन अक्ष घेऊन खेळाडूंचा तक्ताच मांडला. म्हणजे खाने तयार होते, माणसाला त्यात बसवायला मात्र फक्त डोळे आणि आठवण होती. खऱ्या टेबलावर तासाला जेमतेम तीसेक डाव होतात. रात्रभर बसलेल्या माणसाने शेजाऱ्याचे दोनअडीचशे डाव पाहिले तरी त्यातले लक्षात राहतात ते गाजलेले, मोठ्या रकमेचे. ज्या शेकडो वेळा तो गुपचूप पत्ते टाकून गप्प बसला, ते कोणी मोजत नाही. आवळून खेळणाऱ्याची ओळख नेमकी त्या गप्प बसण्यात असते.

1 जानेवारी 1998 रोजी प्लॅनेट पोकर ही खऱ्या पैशांची पहिली ऑनलाइन खोली उघडली, आणि चेहरा गेला. न थरथरणारे हात, न दिसणारे डोळे, आणि समोर एक टोपणनाव. त्याच वेळी पत्ते कुणी पिसले, पॉट कुणाकडे गेला, हे पाहणारा साक्षीदारही गेला. त्या जागी आली मजकुराची फाइल: डावाचा क्रमांक, वेळ, कुणी किती घातले, कुणी पत्ते टाकले, शेवटी काय उघडलं. मारवाड्याच्या पेढीवर जशी कीर्द असते, तशी ही कालक्रमाने लिहिलेली होती. कीर्दीवरून माणसागणिक खातं काढायचं तर खतावणी लागते. ती कल्पना खऱ्या पैशांच्या आधीच संशोधकांच्या हाती आलेली होती. 1990च्या दशकात इंटरनेटवरच्या आयआरसी या गप्पांच्या जाळ्यात खोट्या पैशांनी पोकर चालायचा. मायकेल मॉरर यांच्या प्रोग्रॅमने 1995 ते 2001 या काळात तिथले एक कोटीहून अधिक डाव टिपून ठेवले. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात डार्स बिलिंग्ज, जोनाथन शेफर आणि सहकाऱ्यांनी लोकी नावाचा खेळाडू-प्रोग्रॅम घडवला आणि समोरच्याच्या मागच्या वागण्यावरून त्याच्या पत्त्यांचा अदमास कसा बांधायचा, यावर 1998 साली निबंध वाचला. 2001 मध्ये पोकरट्रॅकर हा प्रोग्रॅम आला आणि ही खतावणी सामान्य खेळाडूच्या संगणकावर उतरली. पुढे हेच आकडे थेट टेबलावर, नावाशेजारी दिसू लागले. खेळाडू त्याला ‘हड’ म्हणू लागले. 2003 मध्ये ख्रिस मनीमेकर हा हिशेबनीस ऑनलाइन पात्रता फेरीतून येऊन जागतिक स्पर्धेत 25 लाख डॉलर जिंकला. मग टेबलांवर अनोळखी माणसांचा पूर आला, आणि अनोळखी माणसांचीच तर खाती मांडायची असतात.

या आकड्यांची ताकद कशात आहे, ते नीट पाहायला हवं, कारण लेबल चिकटवणं हा तिचा सर्वांत उथळ उपयोग आहे. टेक्सस होल्डेममध्ये हाती येणाऱ्या दोन पत्त्यांच्या 1326 जोड्या होतात. समजा, एखादा खेळाडू पहिल्या फेरीत फक्त 3 टक्के वेळा रक्कम चढवतो. 1326 चे 3 टक्के म्हणजे सुमारे 40 जोड्या. एक्के, राजे, राण्या आणि गुलाम यांच्या जोड्या प्रत्येकी 6, मिळून 24. त्यात एक्का-राजा हे 16. बेरीज बरोबर 40. त्याने रक्कम चढवली की त्याचे पत्ते जवळजवळ उघडेच पडले, आणि तुमच्या हातातल्या दहिल्यांच्या जोडीची किंमत तुम्हाला कळली. तोच आकडा 19 असता, तर अडीचशे जोड्यांचं रान मोकळं झालं असतं. टक्केवारीचं पत्त्यांत होणारं हे भाषांतर चेहऱ्यावरून कधीच शक्य नव्हतं. थरथरता हात फार तर आत्ताचं सांगतो, टक्केवारी त्या माणसाची मर्यादा सांगते.

यावर पहिला आक्षेप गणितच घेतं. 100 डावांत एखाद्याने 25 वेळा पैसे घातले, तर त्याची खरी सवय 16 ते 34 टक्क्यांत कुठेही असू शकते. निव्वळ पत्त्यांच्या नशिबाने एवढा फरक पडतो. 1000 डावांनंतर ती पट्टी 22 ते 28 इतकी अरुंद होते. आणि हे सर्वांत वारंवार मोजल्या जाणाऱ्या आकड्याचं झालं. शेवटच्या फेरीत चेक करून (पैसे न घालता थांबून) मग रेझ करण्याची संधी इतकी क्वचित येते की हजार डावांनंतरही तो आकडा जवळपास पोकळच असतो. शिवाय कुठल्या जागेवरून, किती जणांच्या टेबलावर, यानेही सवय बदलते. आक्षेप खरा आहे. पण त्यातून निघतं ते एवढंच, की आकड्याशेजारी डावांची संख्या वाचल्याशिवाय त्यावर विसंबू नये. 40 डावांवर कुणाला कच्चा ठरवणारा खेळाडू गाजलेल्या डावावरून मत बनवणाऱ्या जुन्या खेळाडूचीच चूक करतो. फरक इतकाच की त्याची चूक आता दशांश चिन्हासह दिसते.

दुसरा आक्षेप अलीकडचा. जानेवारी 2017 मध्ये पिट्सबर्गला कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्राटस या प्रोग्रॅमने चार व्यावसायिकांना 1,20,000 डावांत हरवलं. समोरचा कोण आहे, कशा सवयीचा आहे, याचं खातं त्याने ठेवलंच नाही. तो रोज रात्री स्वतःच्या बचावातली भगदाडं तेवढी बुजवत होता. मग प्रतिस्पर्ध्याची वर्गवारी कालबाह्य नाही का झाली? मला तसं वाटत नाही. लिब्राटस खेळतो तसे समतोल डावपेच हरू देत नाहीत, पण दुबळ्याकडून जेवढं मिळू शकतं तेवढं काढतही नाहीत. 52 टक्के डाव खेळणाऱ्यासमोर बसल्यावर कुठे आणि किती वाकायचं, हे समतोल सांगत नाही. मात्र वाकायचं ते कशापासून, हे त्यामुळे कळलं आणि जुन्या आकड्यांना प्रथमच मोजपट्टी मिळाली.

या कुळकथेतलं सर्वांत महत्त्वाचं पर्व माझ्या मते 2007-08 चं आहे. ॲब्सोल्यूट पोकरवरच्या एका स्पर्धेत ‘पॉटरिपर’ नावाचं खातं जिंकलं. हरलेल्या खेळाडूने नोंदी मागितल्या, आणि खोलीने पाठवलेल्या फाइलमध्ये सगळ्यांचे झाकलेले पत्ते होते. ते जुळवून पाहिल्यावर कळलं की हे खातं इतरांचे पत्ते दिसत असल्यासारखं खेळलं होतं. पाठोपाठ अल्टिमेटबेटवरच्या ‘निओनिओ’चा हिशेब खेळाडूंनी आपल्या खतावण्यांतून जुळवला. एका अक्षावर किती डाव खेळतो, दुसऱ्यावर किती वेगाने जिंकतो. बाकीची खाती एका ढगात, आणि हा ठिपका पार बाहेर. इतकं सैल खेळून इतकं कुणी जिंकू शकत नाही. या खोल्यांना परवाना देणाऱ्या कानावाके गेमिंग कमिशनने सप्टेंबर 2008 मध्ये मे 2004 ते जानेवारी 2008 इतका काळ ही फसवणूक चालल्याचं मान्य केलं आणि 1994 चा विश्वविजेता रस हॅमिल्टन याला मुख्य जबाबदार ठरवलं. जवळपास चार वर्षं पहारेकऱ्यांना जे दिसलं नाही, ते प्रतिस्पर्ध्याला ओळखण्यासाठी मांडलेल्या खात्यांनी दाखवलं. नोंद आपल्या मूळ कामावर परतली होती.

त्यानंतर खोल्यांनी दारं लावायला सुरुवात केली. बोडॉगने 2011 च्या अखेरीस टेबलं निनावी केली, पार्टीपोकरने 2019 मध्ये नोंदी उतरवून घेण्याची सोय काढली, जीजीपोकरने बाहेरची साधनं बंद करून निवडक आकडे स्वतःच दाखवायला घेतले. कारण एकच दिलं जातं: नवखा माणूस खतावणीवाल्यांसमोर फार लवकर लुबाडला जातो. हे कारण मला खोटं वाटत नाही. ज्याने तुमचे पाच हजार डाव मांडून ठेवले आहेत आणि ज्याचा एकही डाव तुम्ही पाहिलेला नाही, त्याच्याशी बरोबरीचा खेळ होत नाही. पण बोडॉगच्याच जाळ्यातल्या बोव्हाडावर 24 तासांनी सर्वांच्या झाकलेल्या पत्त्यांसह आपल्या डावांची नोंद मिळते. कीर्द ठेवली, खतावणी काढून घेतली. तेवढ्याने एखादा संशयास्पद डाव तपासता येईल, निओनिओ मात्र सापडणार नाही, कारण तो एका डावात नव्हे, हजारो डावांच्या बेरजेत दिसला होता आणि त्या बेरजेला कायम नाव लागतं. उपाय अवघड नाही. टेबलावर नाव झाकलेलंच राहू द्यावं, आणि प्रत्येक खात्याला एक न बदलणारा सांकेतिक क्रमांक देऊन सगळ्या नोंदी सहा महिन्यांनी खुल्या कराव्यात. त्या क्रमांकाचा माणूस आज कुठे बसला आहे हे कुणालाच कळणार नाही, पण तो अशक्य वेगाने जिंकत होता का, हे कुणालाही मोजता येईल.