उंबरठा आणि कोर्टाची पायरी

दिवाळीची सुट्टी लागली की घरोघरी मुलांच्या पिशव्या भरू लागतात. कोणी आजोळी निघतो, कोणी गावाकडे. परंतु आपल्या शहरांतून आज अशीही काही मुले आहेत, की ज्यांची पिशवी कोर्टाच्या आदेशाप्रमाणे भरली जाते. आईबाप विभक्त झालेले असतात, मूल एकापाशी राहत असते, आणि दिवाळीच्या सुट्टीचा अर्धा भाग आईकडे व अर्धा बापाकडे, असे न्यायाधीशाने लिहून दिलेले असते. पाडवा कोणाकडे आणि भाऊबीज कोणाकडे याची नोंदही कधी कधी त्या कागदावर सापडते.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण पिढ्यानपिढ्या ऐकत आलो. मग हे कोर्ट आपला उंबरठा ओलांडून थेट फराळाच्या ताटापर्यंत आले कसे? तो इतिहास मोठा आहे, आणि त्याची एक मोठी कथा आपल्या मुंबईतच घडलेली आहे. ती सांगण्यापूर्वी एका शब्दाकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. तो शब्द ‘ताबा’. आपल्याकडे जमिनीचा ताबा मागतात, घराचा ताबा मागतात, आणि कोर्टात मुलाचाही ताबाच मागतात. वस्तूला आणि माणसाला एकच शब्द लागू व्हावा हे कानाला खटकते खरे. पण एके काळी कायद्याच्या दृष्टीनेही या दोहोंत फारसे अंतर नव्हते. ते अंतर पडण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली.

इंग्रजी अंमलापूर्वी नवराबायकोचे तंटे सरकारदरबारी क्वचितच जात. ते बहुधा जातीच्या पंचायतीपुढे निघत. कित्येक जातींत काडीमोड होती, फारकत होती, सोडचिठ्ठी मिळालेल्या बाईला पाट लावण्याची मोकळीक होती. उच्चवर्णीय म्हणविणाऱ्या जातींत मात्र लग्न म्हणजे जन्माची गाठ. ती सुटण्याची सोयच नव्हती. पंचांचा न्याय नेहमी न्याय्य असे असे नव्हे. दंड, वाळीत टाकणे, पैसेवाल्याची बाजू घेणे हे सारे तिथेही होतेच. परंतु नांदायला न जाणाऱ्या बाईला सरकारी तुरुंगात टाकावे, ही कल्पना मात्र आपल्या पंचांची नव्हे. ती सातासमुद्रांपलीकडून आली.

इंग्लंडमध्ये पूर्वी विवाहाचे खटले धर्मपीठाच्या न्यायालयांत चालत. घर सोडून गेलेल्या जोडीदाराने परत येऊन नांदावे, असा हुकूम तेथे मिळे. हीच मागणी 1867 साली हिंदुस्थानातल्या एका मुसलमान दांपत्याच्या खटल्यात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने येथील दिवाणी न्यायालयांसाठी मान्य केली. पुढे हिंदूंनाही ती वाट मोकळी झाली. मनूच्या किंवा याज्ञवल्क्याच्या स्वप्नातही नसलेली ही गोष्ट पुढे हिंदू धर्माचा प्राण म्हणून लढविली गेली, हा इतिहासाचा विनोद म्हणावा लागेल.

आता ती मुंबईची कथा. रखमाबाईंचा जन्म 1864 सालचा. वडील लहानपणीच वारले. आई जयंतीबाई यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. त्यांच्या जातीत त्याला मज्जाव नव्हता. वयाच्या अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न एकोणीस वर्षांच्या दादाजी भिकाजींशी झाले. मुलगी माहेरीच राहिली. सावत्र वडील विद्याव्यासंगी होते; घरात पुस्तके होती, सुधारकांची ये-जा होती. मुलगी वाचू लागली, विचार करू लागली. इकडे दादाजींचे शिक्षण मागे पडले, प्रकृती ढासळली, आणि ते एका नातेवाइकाच्या आश्रयाने दिवस काढू लागले. 1884 साली त्यांनी बायकोला नांदावयास पाठविण्यात यावे म्हणून मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला.

रखमाबाईंचे म्हणणे साधे होते. नवऱ्यापाशी आपल्याला ठेवण्याजोगे घर नाही, पोसण्याजोगी मिळकत नाही, त्याची प्रकृती बरी नाही, आणि ज्याच्या आश्रयाने तो राहतो त्या माणसाची वर्तणूक चांगली नाही. या साऱ्यांच्या मुळाशी आणखी एक गोष्ट होती. हे लग्न आपण जाणत्या वयात, संमतीने केलेले नाही, असे त्या म्हणत. हिंदू स्त्रीने भर कोर्टात असे म्हणावे, हे त्या काळात कोणी ऐकलेले नव्हते.

न्यायमूर्ती पिन्हे यांनी 1885 च्या सप्टेंबरात दावा फेटाळला. जे दोघे कधी एकत्र राहिलेच नाहीत, त्यांचा संसार ‘पुन्हा’ सुरू करून देण्याचा प्रश्नच येत नाही. आणि ज्याच्याविषयी तिटकारा आहे अशा माणसाच्या घरी एका तरुण स्त्रीला जबरदस्तीने पाठविणे हे क्रौर्य होईल, असा त्यांच्या निकालाचा रोख होता. निकाल बाहेर पडताच महाराष्ट्रात एकच गदारोळ उडाला. ‘केसरी’ने निकालावर झोड उठविली. परक्या सरकारच्या न्यायाधीशाने आमच्या विवाहसंस्थेत हात घालू नये, असा सनातनी पक्षाचा आक्षेप होता. सुधारक रखमाबाईंच्या पाठीशी उभे राहिले. ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ या सहीने बालविवाहाविरुद्ध जळजळीत पत्रे आली होती. ती लिहिणारी हीच मुलगी, हे पुढे सर्वांना कळले.

1886 च्या मार्चमध्ये अपिलात पिन्हेसाहेबांचा निकाल फिरला आणि खटला पुन्हा चालवावयास खाली आला. 4 मार्च 1887 रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला, की रखमाबाईंनी एका महिन्याच्या आत नवऱ्याकडे जावे. न गेल्यास सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास सोसण्याची तयारी ठेवावी. रखमाबाईंनी उत्तर दिले, की मी तुरुंगात जाईन, पण नांदायला जाणार नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्या इंग्लंडातून ही मागणी आपल्याकडे आली, त्या इंग्लंडने असा हुकूम मोडणाऱ्याला तुरुंगात घालण्याची शिक्षा 1884 सालीच रद्द केली होती. म्हणजे ज्या वर्षी मुंबईत दादाजींनी दावा लावला, त्याच वर्षी! उसने आणलेले भांडे मूळ मालकाने फेकून दिले, आणि आपण मात्र ते घासूनपुसून देवघरात ठेवले.

व्हिक्टोरिया राणीने मध्ये पडून हे लग्न मोडले, अशी एक कथा पुष्कळ ठिकाणी छापलेली आढळते. प्रत्यक्षात प्रकरण मिटले ते तडजोडीने. 1888 च्या जुलैत दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी आपला हक्क सोडला. दुसरे लग्न करण्यास त्यांना कायद्याची आडकाठी नव्हती. रखमाबाईंना मात्र घटस्फोट मिळणे शक्य नव्हते, कारण तसा कायदाच नव्हता. 1889 साली त्या विलायतेला गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी अनेक वर्षे बायकांची सेवा केली. 1904 साली दादाजी वारल्यावर त्यांनी पांढरे लुगडे नेसण्यास सुरुवात केली, असे सांगतात. जे नाते त्यांनी कधी मानले नाही, त्या नात्यातून कायद्याने त्या मुक्त झाल्या त्या अशा.

रखमाबाई जिंकल्या की हरल्या? कोर्टात त्या हरल्या. परंतु त्या खटल्याने सुशिक्षित घरांत जो प्रश्न पेटविला तो विझला नाही. 1891 साली संमतिवयाचा कायदा झाला. 1923 साली नांदावयास न जाणाऱ्या जोडीदाराला तुरुंगात टाकण्याची तरतूद दिवाणी संहितेतून निघाली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी 1931 साली आपल्या संस्थानात हिंदूंना घटस्फोटाचा कायदा दिला. मुंबई प्रांताने 1946 साली हिंदूंच्या द्विभार्याविवाहास बंदी केली आणि 1947 साली घटस्फोट मान्य केला. शेजारच्या गोव्यात पोर्तुगालच्या प्रजासत्ताकाचा घटस्फोटाचा कायदा 1910 सालचा. अखेर 18 मे 1955 रोजी साऱ्या देशासाठी हिंदू विवाह कायदा अस्तित्वात आला. काडीमोडीसारख्या रूढींचेही त्याने भान राखले. ज्या समाजांत तशी रूढी होती तेथे ती चालू ठेवली.

आणि तरीही याच कायद्याच्या नवव्या कलमात ती जुनी मागणी, ‘नांदावयास पाठवा’ ही, जशीच्या तशी उतरली. तुरुंग गेला, पण हुकूम राहिला. 1983 साली आंध्र प्रदेशच्या हायकोर्टाने हे कलम घटनाबाह्य ठरविले. 1984 साली सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरविले. इंग्लंडने मात्र 1970 साली कायदा करून हा सारा प्रकारच मोडीत काढला होता.

रखमाबाईंच्या मागे वडिलांची मिळकत होती, म्हणून त्यांना तडजोड परवडली. ज्या बाईपाशी गळ्यातल्या काळ्या पोतीखेरीज काही नाही, तिने काय करावे? तिच्यासाठी 1898 च्या फौजदारी संहितेत 488 वे कलम होते. ऐपत असून बायकोमुलांना वाऱ्यावर सोडणाऱ्या माणसाकडून मॅजिस्ट्रेटने दरमहा पोटगी देववावी, असे ते सांगे. कोणत्याही धर्माच्या स्त्रीला त्याचा आधार घेता येई. 1973 च्या नव्या संहितेत ते 125 वे कलम झाले. घटस्फोटित स्त्री आणि वृद्ध आईबाप यांनाही त्यात जागा मिळाली. परंतु पोटगीची कमाल मर्यादा होती पाचशे रुपये! ती 2001 साली काढली गेली. म्हणजे मधली अठ्ठावीस वर्षे तांदूळ, रॉकेल, शाळेची फी सारे वाढत गेले, आणि कायद्यातले पाचशे मात्र जागचे हलले नाहीत.

इंदूरच्या शाहबानो यांचे प्रकरण पुष्कळांना त्याच्या राजकीय वादळामुळे आठवते. त्यातले आकडे मात्र विसरले जातात. नवरा वकील, चाळीसाहून अधिक वर्षांचा संसार झाल्यावर बाईला घराबाहेर काढलेले. 1979 साली मॅजिस्ट्रेटने पोटगी ठरविली ती दरमहा पंचवीस रुपये. पुढल्या वर्षी हायकोर्टाने ती 179 रुपये 20 पैशांवर नेली. एवढ्या रकमेविरुद्ध नवरा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पुण्यात जन्मलेले सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांनी 1985 साली बाईंच्या बाजूने निकाल दिला. 1986 साली संसदेने वेगळा कायदा करून त्या निकालाचा परिणाम आकुंचित केला. 2001 साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच कायद्याचा उदार अर्थ लावला. आणि घटस्फोटित मुसलमान स्त्रीला 125 व्या कलमाचाही आधार आहे, हे 2024 साली पुन्हा स्पष्ट झाले. त्याच वर्षी 1 जुलैपासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि हे कलम आता तिच्यात 144 वे आहे.

कायदा असला तरी मिळकत लपविणाऱ्यापुढे तो लंगडा पडतो. दुकान भावाच्या नावावर, घर आईच्या नावावर, आणि स्वतः बेकार, अशी सोंगे पोटगीच्या दाव्यात नित्याची. नागपूर खंडपीठाकडून आलेल्या एका प्रकरणात 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले, की दोन्ही पक्षांनी आपली मिळकत व देणी प्रतिज्ञेवर लिहून द्यावी, आणि पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून धरावी. उपाशी माणसाला तारखा मोजाव्या लागू नयेत, एवढाच याचा अर्थ.

राहता राहिले मूल. जुन्या इंग्रजी कायद्यात मूल बापाचे, आणि आपल्याकडेही पालक म्हणून पहिला मान बापाचाच. परंतु 1890 च्या पालक व पाल्य कायद्यात एक बी पडले होते. पालक नेमताना कोर्टाने मुलाचे कल्याण पाहावे, आणि मूल जाणते असल्यास त्याची पसंतीही विचारात घ्यावी, असे त्यात लिहिले होते. 1956 च्या कायद्याने हिंदू अज्ञानाचे कल्याण हीच सर्वांत मोठी गोष्ट ठरविली, आणि पाच वर्षांखालचे मूल सामान्यतः आईपाशी असावे असे म्हटले. पण नैसर्गिक पालक कोण? बाप, आणि ‘त्याच्यानंतर’ आई. हा ‘नंतर’ शब्द चाळीसाहून अधिक वर्षे आयांना नडला. मुलाच्या नावे पैसे गुंतवावयाचे तर बापाची सही आणा! लेखिका गीता हरिहरन यांनी याविरुद्ध दाद मागितली, तेव्हा 1999 साली सर्वोच्च न्यायालयाने ‘नंतर’ म्हणजे बाप मेल्यावरच असे नव्हे, तो जबाबदारी घेत नसेल तेव्हाही, असा अर्थ लावला. तत्पूर्वी 1973 साली त्याच न्यायालयाने बजावले होते, की मुले म्हणजे आईबापांची चीजवस्तू किंवा खेळणी नव्हेत. रखमाबाईंच्या खटल्यापासून सुरू झालेला विचार येथे मुलापर्यंत येऊन पोचला.

1984 साली कुटुंब न्यायालयांचा कायदा झाला. काळ्या डगल्यांच्या लढाईतून संसाराचे प्रश्न बाहेर काढावेत, आधी समेटाचा प्रयत्न व्हावा, समुपदेशकांनी दोघांशी बोलावे, हा त्यामागचा हेतू. महाराष्ट्रात अशी न्यायालये 1989 पासून चालू झाली. त्याआधी, 1976 साली, परस्परसंमतीने घटस्फोटाची सोय झालीच होती. 1888 साली दादाजी आणि रखमाबाई यांना जी तडजोड करावी लागली, ती आज त्यांना सरळ अर्ज करून, दोघांनाही मोकळे करणारी अशी मिळाली असती.

तरी सारे सुरळीत झाले असे कोणी समजू नये. तारखांवर तारखा पडतात, आणि तेवढ्यात दुसरीतले मूल पाचवीत जाते. भेटीचा हुकूम असतो, पण नेमके त्या दिवशी मुलाला ताप येतो. न्यायाधीश कधी मुलाला आपल्या खोलीत बोलावतात, जवळ बसवून घेतात, शाळेच्या, मित्रांच्या गोष्टी काढतात, आणि हळूच विचारतात, की तुला कुठे राहायला आवडेल? मुलाचे मन विचारात घेतले जाते ही मोठीच प्रगती. परंतु आठ वर्षांच्या मुलाला हे उत्तर देणे किती जड जात असेल, ते ज्याचे त्याने आपल्या घरातल्या मुलाकडे पाहून ठरवावे. येथे कायद्याची मजल संपते. कोर्ट भेटीचे वार ठरवू शकते, पोटगीचा आकडा ठरवू शकते. बापाविषयी आईने, किंवा आईविषयी बापाने, मुलासमोर काय बोलावे हे त्याला ठरविता येत नाही. ते घरच्यांनाच ठरवावे लागते, आणि घरचे म्हणजे केवळ ती दोघे नव्हेत. आजी-आजोबा, मामा-काका, शेजारी, आपण सारेच त्यात आलो.

डॉ. रखमाबाई 25 सप्टेंबर 1955 रोजी वारल्या. त्यांचे वय नव्वद वर्षांचे होते. हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा हक्क देणारा देशाचा कायदा होऊन तेव्हा चार महिने झाले होते. अकराव्या वर्षी ज्यांना कोणी काही विचारले नाही, त्यांना तो पाहावयास मिळाला.

या दिवाळीतही कोणाच्या तरी दाराशी सुट्टीच्या मध्यावर एक मूल पिशवी घेऊन उभे असेल. एका घरचा फराळ डब्यात, दुसऱ्या घरचा फराळ पुढे. त्या दारातून त्याला आत घेणाऱ्याने, मागे राहिलेल्या घरी सगळे बरे आहेत ना, एवढे जरी विचारले, तरी त्या मुलाला बरे वाटेल.