तीन पिंपें आणि एक घड्याळ

१९४८ सालच्या फेब्रुवारी महिन्याच्या २८ तारखेस अमेरिकेंतील टेक्सास राज्यांत, सॅन अँजेलो ह्या गांवीं, ३८ स्त्रिया एकत्र जमल्या. गुरांचे कळप आणि घोड्यांची पाठ ह्यांची संवय असलेल्या ह्या स्त्रिया होत्या. त्यांची मागणी मोठी नव्हती. घोडेस्वारीच्या जाहीर खेळांत स्त्रियांना शोभेसाठीं न बोलावतां स्पर्धक म्हणून बोलवावें, नियम आधीं ठरलेले असावेत, आणि निकाल परीक्षकाच्या पसंतीवर न सोडतां कौशल्याच्या मोजमापानें लावावा, एवढेंच त्यांचें म्हणणें होतें. त्या बैठकींतून ‘गर्ल्स रोडिओ असोसिएशन’ ही संस्था जन्मास आली. आज दिवसभर नोकरी करून सायंकाळीं खोगीर कसणारे जे असंख्य हौशी स्वार अमेरिकेंत दिसतात, त्यांच्या खेळाचा पाया त्या दिवशीं घातला गेला.

ह्या खेळाला ‘बॅरल रेसिंग’ म्हणजे पिंपांभोवतालची दौड म्हणतात. शर्यत म्हटली कीं मुंबईकरांच्या डोळ्यांपुढें महालक्ष्मीचें मैदान उभें राहतें; अनेक घोडे एकदम सुटतात आणि सर्वांच्या पुढें जो येतो तो जिंकतो. येथें तसें नाहीं. एका वेळीं एकच स्वार रिंगणांत उतरतो. ५५ गॅलन मापाचीं तीन रिकामीं पिंपें त्रिकोणांत उभीं केलेलीं असतात. पूर्ण मापाच्या मैदानांत पहिल्या दोन पिंपांमध्यें ९० फूट अंतर असतें. त्या प्रत्येकापासून तिसरें पिंप १०५ फुटांवर, आणि आरंभाची रेषा ६० फुटांवर. स्वार भरधाव आंत येतो, पहिल्या पिंपाला उजवीकडे वळून वळसा घालतो, दुसऱ्या व तिसऱ्या पिंपाला डावीकडे वळून वळसे घालतो, आणि सरळ रेषेंत परत धांवतो. कोणास हाच क्रम उलट, म्हणजे आधीं डावें वळण व मग दोन उजवीं, असा घेण्याचीही मुभा असते. घोड्याच्या टापांनीं जमिनीवर जी आकृति उमटते तिला अमेरिकन लोक तीन पानांच्या गवताची उपमा देतात. मराठी माणसाला बेलाचें त्रिदळ आठवेल.

एवढ्या अंतराला चांगला घोडा सतरा सेकंदांच्या आसपास घेतो. पिंपाला पाय लागला किंवा हात लागला तर गुन्हा नाहीं. परंतु पिंप आडवें झालें कीं पांच सेकंदांचा दंड पडतो. जेथें जयपराजय सेकंदाच्या शतांशावर ठरतो, तेथें पांच सेकंद म्हणजे सर्वस्वच गेलें. म्हणून पिंपाच्या जितकें जवळून जावें तितका लाभ अधिक आणि धोकाही अधिक, ह्या पेंचांतच खेळाचा सारा रस आहे.

हा खेळ आरंभीं असा नव्हता. विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस-तीस वर्षांत अमेरिकेंतील स्त्रिया रोडिओच्या मैदानांत पुरुषांप्रमाणेंच उधळ्या घोड्यांवर बसत. १९२९ सालीं ऑरेगन राज्यांतील पेंडलटन येथें बॉनी मॅक्कॅरल ही नामांकित स्वार अशाच एका घोड्यावरून पडली आणि त्या दुखापतीनें तिचा अंत झाला. त्या दुर्घटनेनंतर तेथील चालकांनीं स्त्रियांची ती स्पर्धा बंद केली, आणि पुढील दहाबारा वर्षांत इतर ठिकाणींही स्त्रियांसाठीं असलेले खडतर सामने एकेक करून नाहींसे झाले. धोका पुरुषांनाही होता. पण त्यांचे सामने चालूच राहिले.

रिकाम्या झालेल्या जागीं जें आलें तें सौम्य होतें. टेक्सासमधील स्टॅमफर्ड येथील मेळाव्यांत १९३१ सालापासून आसपासच्या गांवांनीं आपआपल्या वतीनें एकेक तरुणी पाठवावी अशी प्रथा पडली. ह्या तरुणी मिरवणुकींत घोड्यावरून जात, रिंगणांत पिंपांभोंवतीं फेरी घेत. आणि परीक्षक घोड्याचा रुबाब, मुलीचा पोशाख आणि तिची बैठक हीं तिन्ही पाहून बक्षीस देत. त्यांत घोडेस्वारीला स्थान होतें खरें, परंतु शिंप्याच्या कौशल्यालाही होतें. ज्या मुलीनें वडिलांच्या गुरांमागें दहा वर्षें घोडा दौडविला, तिनें झालरीच्या सदऱ्यापुढें हार खावी, ही गोष्ट मनाला लागण्यासारखी होती.

१९४७ सालच्या सप्टेंबर महिन्यांत नॅन्सी बिन्फर्ड आणि थीना मे फार ह्या दोघींनीं टेक्सासमधील अमॅरिलो शहरीं केवळ स्त्रियांचा रोडिओ भरविला, आणि लोकांनीं त्याला चांगली गर्दी केली. स्त्रियांच्या खऱ्या स्पर्धेला प्रेक्षक मिळतात हें सिद्ध झालें. सॅन अँजेलोची बैठक त्यानंतर पांचच महिन्यांनीं झाली. पहिल्या वर्षीं संस्थेचे सभासद ७४ होते; तिच्या मान्यतेनें ६० सामने झाले आणि बक्षिसांची एकूण रक्कम २९,००० डॉलर भरली. पोशाखाचे गुण गेले, घड्याळ आलें. पुढें हातांतील घड्याळाची जागाही विजेच्या डोळ्यानें घेतली, आणि स्वार कोणाची कोण हा प्रश्न निकालापुरता संपला. १९८१ सालीं संस्थेनें ‘विमेन्स प्रोफेशनल रोडिओ असोसिएशन’ हें नांव धारण केलें. पुरुषांच्या सामन्यांइतकीच बक्षिसाची रक्कम मिळावी म्हणून तिला दीर्घ काळ झगडावें लागलें. वर्षअखेरच्या राष्ट्रीय अंतिम सामन्यांत ही समता यावयास १९९८ साल उजाडलें.

घड्याळाच्या ह्या राज्यांत आश्चर्यकारक माणसें पुढें आलीं. न्यू मेक्सिको राज्यांतील शार्मेन जेम्स हिनें १९८४ सालीं, अवघ्या चौदाव्या वर्षीं, जगज्जेतेपद मिळविलें आणि १९९३ पर्यंत सलग दहा वर्षें तें सोडलें नाहीं. तिचा घोडा स्कँपर हा कोण्या उंची पागेंतला नव्हता. गुरें पोसण्याच्या वाड्यावरून थोडक्या किंमतींत घेतलेला होता. १९८५ सालच्या अंतिम सामन्यांत ऐन दौडींत त्याच्या तोंडावरचा लगाम सुटला, तरी त्यानें तिन्ही वळसे चोख घेतले आणि ती फेरी जिंकली. उलट टोंकाला मेरी बर्गर ही स्वार आहे. २०१६ सालीं ती जगज्जेती झाली तेव्हां तिचें वय अडुसष्ट वर्षांचें होतें. चौदा आणि अडुसष्ट ह्या दोन वयांना एकाच मापानें मोजणारे खेळ जगांत फार थोडे आहेत.

परंतु घड्याळ निःपक्षपाती असलें तरी दयाळू नसतें. बक्षिसाच्या रकमा वाढल्या, तसे उत्तम घोडे आणि दिवसभर त्यांच्याच मागें असणारे स्वार ह्यांची एक वेगळी जात निर्माण झाली. ह्याच सामन्यांत एखादी शाळाशिक्षिका, रुग्णालयांतील परिचारिका किंवा पेढीवरचा कारकूनही नांव नोंदवी. प्रवेशशुल्क त्यांनीं भरावें आणि बक्षीस दुसऱ्यांनीं न्यावें, हा क्रम ठरल्यासारखा झाला. पूर्वीं गुणी मुलगी पोशाखापुढें हरत असे. आतां कामकरी माणूस फुरसतीपुढें हरूं लागला.

अशा हौशी स्वाराचें शिक्षण कसें होतें हें पाहिलें म्हणजे त्याची अडचण नीट कळते. दिवसाकाठीं त्याच्या हातीं पहांटेचा एक तास आणि सायंकाळचे दोन तास असतात. आणि त्यांतही घोड्याला चारा घालणें, खरारा करणें, पाय तपासणें, तबेला झाडणें हीं कामें आधीं येतात. नवशिक्याला वाटतें, खेळ वेगाचा आहे तेव्हां वेगच शिकावा. जाणता गुरु त्याला पहिले कित्येक आठवडे घोडा पिंपांभोंवतीं नुसता चालवावयास लावतो. मग दुडक्या चालीनें. आणि त्या दोन्ही चाली निर्दोष झाल्यावांचून दौड करूं देत नाहीं. संथ चालींत झालेली चूक भरधाव दौडींत दसपट होते, हें त्याला अनुभवानें ठाऊक असतें.

मग बारकावे येतात. वळणाशीं येतांना घोडा आणि पिंप ह्यांत थोडी मोकळी जागा ठेवावी लागते. ती नसली तर घोड्याचा मागचा भाग पिंपावर आदळतो. वळणापूर्वीं स्वारानें खोगिरांत खोल बसावें, म्हणजे मागचे पाय पोटाखालीं घेऊन आवरावयाची खूण घोड्याला मिळते. लगाम खेंचून हें साधत नाहीं. नजर पिंपाकडे ठेवली कीं शरीर तिकडे झुकतें आणि घोडाही झुकतो. म्हणून जेथें जावयाचें तेथें पाहावें. आणि सर्वांत कठीण धडा म्हणजे तालीम आवरती घेणें. एकच आकृति रोज भरधाव गिरवून घेतली तर घोडा कंटाळतो, धास्तावतो, फाटकांतून आंत येण्याचेंही नाकारतो. जो नोकरदार आठवड्याची उणीव रविवारीं एका दमांत भरून काढूं पाहतो, त्याच्या हातून घोडा बिघडतो. चार दिवस साधी रपेट, चढउताराची चाल, वर्तुळें. आणि पिंपें अगदीं बेतानें. ह्या अर्थानें थोडा वेळ ही नेहमींच अडचण ठरते असें नाहीं.

तरीही जन्मभर शेवटच्या क्रमांकावर समाधान मानून कोण राहणार? १९९२ सालीं जॉर्जिया राज्यांतील ऑगस्टा शहरीं ‘नॅशनल बॅरल हॉर्स असोसिएशन’ ही संस्था निघाली आणि तिनें एक सोपी तोड प्रसृत केली. सामना सर्वांचा एकच. पण वेळेप्रमाणें निकालाचे विभाग पाडावयाचे. समजा, दिवसाची सर्वोत्तम वेळ १५.२०० सेकंद झाली. तो पहिला विभाग. त्याहून अर्धा सेकंद मागें, म्हणजे १५.७०० पासून दुसरा विभाग सुरू होतो, १६.२०० पासून तिसरा, १६.७०० पासून चौथा. प्रत्येक विभागांत त्या रेषेच्या अलीकडे न येतां तिच्या सर्वांत जवळ जो असेल, तो त्या विभागाचा विजेता. ह्या सामन्यांस स्त्रियांप्रमाणेंच पुरुष आणि मुलें ह्यांनाही प्रवेश मिळाला.

ह्या पद्धतीवर आक्षेप घेणारेही आहेत. १५.६९ मध्यें धांवणारा पहिल्या विभागांत तळाला जाऊन रिकाम्या हातीं परततो आणि १५.७० वाला बक्षीस नेतो. मग जलद धांवण्याला अर्थ काय उरला, असें ते विचारतात. आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. परंतु स्वारानें मुद्दाम संथ धांवून रेषा साधावयाची म्हटली तरी ती रेषा कोठें पडेल हें दिवसाचा सर्वोत्तम घोडा धांवेपर्यंत कोणालाच ठाऊक नसतें. म्हणून शहाणा स्वार हिशेब सोडून देतो आणि आपल्या घोड्याला जेवढें देतां येईल तेवढें मागतो. शिवाय घड्याळ कोणाचीच वेळ खोटी सांगत नाहीं. चौथ्या विभागांतील विजेत्याला आपण दीड सेकंद मागें आहों हें पक्कें माहीत असतें. त्याला खोटी थोरवी मिळत नाहीं. मिळतें तें पुढच्या आठवड्यांत पुन्हां येण्याचें कारण.

सॅन अँजेलो येथें जमलेल्या स्त्रियांनाही ह्याहून निराळें कांहीं हवें नव्हतें. सर्वांना बक्षीस द्या असें त्या म्हणाल्या नव्हत्या. आमचें मोजमाप खरें करा, असें म्हणाल्या होत्या. आज एखाद्या लहान गांवच्या रिंगणांत दिवे लागतात, कामावरून परतलेली एखादी स्त्री कचेरीचे कपडे उतरवून बूट चढविते, आणि गेल्या महिन्याच्या आपल्याच वेळेंतून सेकंदाचे दहा शतांश कमी करावयास फाटकाशीं येऊन उभी राहते. तिचें नांव वर्तमानपत्रांत यावयाचें नाहीं. रात्रीं घोडा थंड करून, त्याच्या पायांवरून हात फिरवून, ती घरीं जाईल आणि सकाळीं ठरल्या वेळीं कामावर हजर होईल. पण फळ्यावर तिच्या नांवापुढें जो आंकडा लिहिला गेला, तो कोणाच्या मर्जीनें लिहिलेला नसतो.