संकेतस्थळाची लेखणी कोणाच्या हाती?

भिवंडी, प्रतिनिधी

पावसाळा तोंडावर आला की राज्यातील महापालिका आपापल्या हद्दीतील धोकादायक इमारतींच्या याद्या जाहीर करतात. भिवंडीत या यादीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. 21 सप्टेंबर 2020 च्या पहाटे येथील पटेल कंपाउंडमधील जिलानी इमारत कोसळली आणि 35 हून अधिक रहिवाशांना प्राण गमवावे लागले. 2011 च्या जनगणनेनुसार सात लाखांहून अधिक लोकवस्तीच्या या दाटीवाटीच्या यंत्रमागनगरीत आपली इमारत कोणत्या प्रवर्गात मोडते, तिला नोटीस केव्हा बजावली गेली, हे रहिवाशाला वेळेवर कळणे ही जीवनमरणाची बाब ठरू शकते.

अशी यादी संकेतस्थळावर ठेवणे आता अवघड राहिलेले नाही. ती सतत अद्ययावत राखणे मात्र सोपे नाही. इमारतीची स्थिती बदलल्याचे ज्या अभियंत्याला किंवा लिपिकाला प्रथम कळते, त्याला संकेतस्थळ घडविण्याचे तंत्र अवगत नसते. आणि ज्या तंत्रज्ञाला ते अवगत असते, त्याला इमारतीची खबर नसते. ही दरी बुजविण्यासाठी जे सॉफ्टवेअर निर्माण झाले, त्यास 'आशय व्यवस्थापन प्रणाली' असे म्हणतात. संगणक व्यवसायात ते 'सीएमएस' या आद्याक्षरांनी ओळखले जाते. शाळा, गृहनिर्माण संस्था, यंत्रमागधारक, गोदाममालक अशा कोणालाही तंत्रज्ञावर विसंबून न राहता आपल्या संकेतस्थळाची पाने स्वतः तयार करता यावीत व बदलता यावीत, हा या प्रणालीचा हेतू होय.

एकेक पान, एकेक फाइल

महाजालाचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी 1990 मध्ये तयार केलेला पहिला ब्राउझर पाने वाचण्याबरोबरच ती लिहिण्याचीही सोय देत होता. पुढे जे ब्राउझर घरोघरी पोहोचले, त्यांत वाचनाची सोय राहिली आणि लेखनाची बाजू मागे पडली. पान लिहायचे तर एचटीएमएल ही खुणांची भाषा शिकणे आणि तयार झालेली फाइल सर्व्हरवर चढविणे क्रमप्राप्त झाले. फ्रंटपेज, ड्रीमविव्हर यांसारख्या साधनांनी एचटीएमएलचा त्रास काहीसा कमी केला. तरीही प्रत्येक पान ही एक स्वतंत्र फाइलच राहिली.

या पद्धतीतील अडचण एका उदाहरणाने स्पष्ट होईल. 2017 च्या निवडणुकीत भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिकेत 90 नगरसेवकांच्या जागा होत्या. समजा, एखाद्या संकेतस्थळावर नगरसेवकांची नावे एका पानावर प्रभागवार, दुसऱ्यावर समितीवार आणि तिसऱ्यावर पक्षवार दिली आहेत. एका सदस्याचा दूरध्वनी क्रमांक बदलला तर तिन्ही फायली उघडून तो दुरुस्त करावा लागणार. दोन ठिकाणी दुरुस्ती झाली आणि तिसरे ठिकाण राहून गेले, की वाचकासमोर दोन क्रमांक येणार. त्यातील खरा कोणता, हे त्याला कळण्यास मार्ग नाही.

माहिती वेगळी, मांडणी वेगळी

यावरील उपाय म्हणजे माहिती आणि तिची मांडणी यांची फारकत. माहिती एका कोठारात, म्हणजे डेटाबेसमध्ये, ओळी व रकाने असलेल्या तक्त्यांच्या रूपात साठविली जाते. अशा तक्त्यांचा तात्त्विक पाया आयबीएममधील संशोधक एडगर कॉड यांनी 1970 मध्ये मांडला होता. पान कसे दिसावे, शीर्षक कोठे यावे, तक्ता कोठे बसावा हे मात्र 'टेम्प्लेट' नावाच्या साच्यात वेगळे ठरविले जाते. वाचकाने पान मागताच सर्व्हरवरील प्रोग्राम कोठारातून ताजी माहिती उचलतो, साच्यात भरतो आणि तयार पान त्याच्या पडद्यावर पाठवितो.

भिवंडीकरांना हे मागाच्या भाषेत लवकर उमगेल. बीमवरचे ताण्याचे धागे एकदा चढविले की कारागीर तेच ठेवून बाण्याचे सूत बदलत राहतो. साचा हा ताणा आहे. रोज बदलणारी माहिती हा बाणा. मजकूर बदलण्यासाठी साच्याला हात लावावा लागत नाही.

धोकादायक इमारतींच्या यादीला हीच रीत लावून पाहू. तक्त्यातील प्रत्येक ओळ म्हणजे एक इमारत. रकाने असे: घर क्रमांक, परिसर, प्रभाग समिती, प्रवर्ग, नोटिशीची तारीख. इमारतींच्या वर्गवारीत सी-1 म्हणजे तत्काळ रिकामी करून पाडण्याजोगी. सी-2-ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती करण्याजोगी. सी-2-बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्त करता येण्याजोगी. आणि सी-3 म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. एखादी इमारत सी-2-ए मधून सी-1 मध्ये गेली तर संबंधित कर्मचारी आपल्या पडद्यावरील अर्जवजा पानात प्रवर्गाचा एकच रकाना बदलतो आणि 'जतन करा' या कळीवर टिचकी मारतो. शांतीनगरची यादी, संपूर्ण शहराची यादी, सी-1 इमारतींची यादी या सर्व पानांवर बदल आपोआप उमटतो. बदल कोणी व केव्हा केला, याची नोंद ठेवण्याची सोयही अशा प्रणालींत असते किंवा करून घेता येते.

हेच तत्त्व व्यापारालाही लागू पडते. ग्रे कापडाचा पन्हा, वजन व भाव असोत, की मानकोली-काल्हेर पट्ट्यातील गोदामांचे क्षेत्रफळ, रोज बदलणारी माहिती जिथे असेल तिथे डेटाबेसवर आधारित पान उपयोगी ठरते.

फुकट, पण फुकाचे नव्हे

पीएचपी ही सर्व्हरवर चालणारी भाषा आणि मायएसक्यूएल हे डेटाबेस सॉफ्टवेअर ही दोन्ही 1995 मध्ये पुढे आली आणि अशी पाने स्वस्तात तयार करणे शक्य झाले. त्यांच्या आधारे उभ्या राहिलेल्या तीन प्रणाली विशेष गाजल्या. बेल्जियमचे द्रिस बाउटार्ट यांनी विद्यार्थिदशेत वसतिगृहातील मित्रांसाठी तयार केलेल्या संदेशफलकातून द्रुपल जन्माला आले. जानेवारी 2001 मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. मॅट मुलेनवेग व माइक लिटल यांनी 'बी2' या आधीच्या सॉफ्टवेअरच्या पायावर वर्डप्रेस उभारले; त्याची पहिली आवृत्ती 27 मे 2003 रोजी आली. 'मॅम्बो' प्रकल्पातून फुटून निघालेल्यांनी सप्टेंबर 2005 मध्ये जुमला प्रकाशित केले. स्वाहिली भाषेत या नावाचा अर्थ 'सगळे मिळून' असा आहे. अरबीतून आलेला हाच शब्द मराठीलाही परका नाही.

तिन्ही प्रणाली मुक्तस्रोत परवान्याखाली विनामूल्य मिळतात. आज जगातील दर दहा संकेतस्थळांपैकी सुमारे चार वर्डप्रेसवर चालतात. मराठीतही 'मनोगत' (2004) व 'मिसळपाव' (2007) या संकेतस्थळांनी द्रुपलचा आधार घेतला. तेथे लेखन प्रकाशित करण्यासाठी एचटीएमएल येण्याची अट राहिली नाही आणि देशोदेशीचे मराठी लोक लिहिते झाले.

सरकारी संकेतस्थळांसाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे एनआयसीने, 'एस3वास' नावाची व्यवस्था उभारली आहे. देशातील बहुतांश जिल्ह्यांची संकेतस्थळे या व्यवस्थेवर आहेत. तयार साचे केंद्राचे आणि मजकूर भरणारे हात जिल्हा कार्यालयाचे, असे तिचे स्वरूप आहे.

लिहिणारा एक, तपासणारा दुसरा

सर्वांच्या हाती लेखणी दिली तर गोंधळ होणार नाही का? या शंकेचे उत्तर वृत्तपत्राच्या कचेरीत सापडते. बातमीदार बातमी देतो, उपसंपादक ती तपासतो आणि जबाबदार व्यक्तीच्या मान्यतेनंतरच ती छापली जाते. आशय व्यवस्थापन प्रणालीत हीच उतरंड 'भूमिकां'च्या रूपाने येते. वर्डप्रेसमध्ये 'कॉन्ट्रिब्युटर' मजकूर लिहू शकतो, पण प्रकाशित करू शकत नाही. 'ऑथर' केवळ आपला मजकूर प्रकाशित करू शकतो. 'एडिटर' इतरांचाही मजकूर सुधारू शकतो. आणि संपूर्ण व्यवस्थेच्या किल्ल्या 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'कडे असतात. भिवंडीच्या पाच प्रभाग समित्यांतील कर्मचाऱ्यांनी नोंदी भराव्यात आणि मुख्यालयातील अधिकाऱ्याने त्या तपासून प्रकाशित कराव्यात, अशी विभागणी या प्रणालींत बसविता येते.

येथे बहुतेक संस्था एक चूक करतात. सोयीसाठी एकच सांकेतिक शब्द सगळ्यांना दिला जातो. मग चुकीची नोंद कोणी केली, हे शोधण्याचा मार्गच बंद होतो. प्रत्येकाचे खाते स्वतंत्र असणे हा या व्यवस्थेचा पाया आहे.

लिपीचा अडसर

मराठी संकेतस्थळांपुढे आणखी एक अडचण होती आणि तिचे अवशेष अजूनही आढळतात. युनिकोड रूढ होण्यापूर्वी प्रत्येक कंपनीचा फॉन्ट निराळा असे. अशा फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर मुळात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार दाखवीत असे. तो उचलून संकेतस्थळावर चिकटविला की पडद्यावर निरर्थक इंग्रजी अक्षरांची माळ दिसे. डेटाबेसमध्येही तीच गत होती. मायएसक्यूएलमध्ये दीर्घकाळ मूळ योजना युरोपीय लिपीची होती; तक्ता तयार करताना युनिकोड निवडले नाही तर साठविलेल्या देवनागरीऐवजी प्रश्नचिन्हांची रांग परत येई. 2018 मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीपासून युनिकोड हीच मूळ योजना झाली.

कार्यालयांनी या अडचणीवर शोधलेली पळवाट म्हणजे छापील कागद स्कॅन करून त्याचे चित्र संकेतस्थळावर ठेवणे. दिसायला माहिती जाहीर झाली. पण त्या चित्रात घर क्रमांक शोधता येत नाही, यादी प्रभागानुसार लावता येत नाही आणि दृष्टिहीनांचे वाचक सॉफ्टवेअरही तेथे अडखळते. मराठी, उर्दू, हिंदी आणि तेलुगू या चारही भाषा ज्या शहरात बोलल्या जातात, तेथे तर ही उणीव अधिकच बोचते. उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या उर्दूसह अनेक भाषांची पाने सांभाळण्याची सोय वर्डप्रेस व द्रुपलमध्ये करता येते. माहिती युनिकोड अक्षरांत भरलेली असणे, एवढीच त्यासाठी पूर्वअट आहे.

किल्ल्या कोणाकडे?

सोपेपणाची किंमतही मोजावी लागते. लाखो संकेतस्थळे एकाच सॉफ्टवेअरवर चालत असल्याने त्यातील एक छिद्र सर्वांनाच धोक्यात आणते. 15 ऑक्टोबर 2014 रोजी द्रुपलमधील अशी एक गंभीर त्रुटी जाहीर झाली. तिच्यामुळे परक्या व्यक्तीला डेटाबेसमध्ये थेट आज्ञा घुसविता येत होत्या. दुरुस्ती त्याच दिवशी उपलब्ध झाली. परंतु सात तासांच्या आत ती ज्यांनी बसविली नाही, त्यांनी आपले संकेतस्थळ भेदले गेले आहे असेच समजावे, असा इशारा द्रुपलच्या सुरक्षा पथकाला पुढे द्यावा लागला. म्हणजे मजकूर भरण्यासाठी तंत्रज्ञ लागत नसला, तरी देखभालीसाठी तो लागतोच.

दुसरा प्रश्न मालकीचा. संकेतस्थळाचे नाव, म्हणजे डोमेन, कोणाच्या नावे नोंदले आहे? सर्व्हरचे भाडे कोणाच्या खात्यातून जाते? प्रशासकाचा सांकेतिक शब्द कोणाजवळ आहे? डेटाबेसची प्रत कोठे ठेवली जाते? या चारही प्रश्नांचे उत्तर 'कंत्राटदार' असे असेल, तर पडद्यावर कितीही सुलभ कळी असोत, संकेतस्थळ खऱ्या अर्थाने संस्थेचे नव्हे. करार संपला की माहितीही हातची जाऊ शकते. संकेतस्थळ करून घेणाऱ्याने हे चार मुद्दे करारात लेखी घ्यावेत आणि डेटाबेसची प्रत ठराविक दिवसांनी आपल्या ताब्यात घ्यावी. ती प्रत वर्षातून एकदा तरी दुसऱ्या ठिकाणी उघडून पाहावी. न उघडणारी प्रत नसल्यासारखीच.

कायदा काय सांगतो?

सार्वजनिक संस्थांच्या बाबतीत ही केवळ सोयीची गोष्ट नाही. 12 ऑक्टोबर 2005 पासून पूर्णपणे अमलात आलेल्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने 17 बाबींची माहिती स्वतःहून प्रसिद्ध करावयाची असून ती दरवर्षी अद्ययावत करावयाची आहे. नागरिकांना अर्ज करण्याची वेळच कमीत कमी यावी, यासाठी इंटरनेटसह विविध मार्गांनी माहिती नियमित पुरवावी, असेही हे कलम सांगते. 2009 मध्ये केंद्राने सरकारी संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे आखली. त्यांची तिसरी आवृत्ती 2023 मध्ये आली.

तथापि, कायदा वर्षातून एकदा अद्ययावत करण्यास सांगतो आणि पावसाळ्यात इमारतीची स्थिती एका रात्रीत बदलू शकते. हे अंतर भरून काढण्याचे साधन उपलब्ध आहे व ते विनामूल्य आहे. कोणत्या कर्मचाऱ्याने कोणता रकाना किती दिवसांत भरायचा आणि न भरल्यास जाब कोणाला विचारायचा, हे मात्र कोणतेही सॉफ्टवेअर ठरवून देत नाही. ते कार्यालयीन आदेशानेच ठरवावे लागते. तेव्हा संकेतस्थळावरील कोणतीही यादी वाचताना नागरिकांनी प्रथम 'शेवटचा बदल' ही तारीख पाहावी. ती नसेल, किंवा मागच्या पावसाळ्यातील असेल, तर यादीवर विसंबून न राहता प्रभाग कार्यालयात चौकशी करावी आणि ती तारीख पानावर देण्याची लेखी मागणीही करावी.