गृहमंडळी आणि शिष्यपरंपरा : कोरियातील ख्रिस्तसभेचा आरंभ

'गृहमंडळी' हा शब्द आपल्याकडे बहुधा इतर ख्रिस्ती पंथीयांच्या संदर्भात ऐकू येतो आणि त्यामुळे अनेक कॅथलिक भाविकांच्या मनात त्याविषयी थोडी साशंकता असते. वस्तुतः ही कल्पना नव्या कराराइतकीच जुनी आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायात संत पौल प्रिस्का व अक्विला या दांपत्याच्या घरी जमणाऱ्या मंडळीला सलाम सांगतो. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात निंफा हिच्या घरच्या मंडळीचा उल्लेख येतो. फिलिप्पै येथील पहिली मंडळी जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणाऱ्या लुदियेच्या घरी जमू लागली. सीरियातील दूरा-युरोपोस या गावी उत्खननात तिसऱ्या शतकातील एक राहते घर सापडले आहे. त्याच्या एका खोलीत स्नानसंस्काराचे कुंड असून भिंतींवर येशूच्या जीवनातील प्रसंग चितारलेले आहेत.

या घरांची वाढ कशी होत असे, याचे सूत्र संत पौलाने तिमथीस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (२:२) सांगितले आहे. तिमथीने पौलाकडून जे ऐकले ते विश्वासू माणसांच्या स्वाधीन करावे आणि त्या माणसांनी ते आणखी इतरांस शिकवावे. पौल, तिमथी, विश्वासू माणसे आणि ते इतर, अशा शिष्यांच्या चार पिढ्या त्या एका वाक्यात आल्या आहेत. जो शिकला त्याने शिकविलेच पाहिजे, हा त्यातील आग्रह आहे.

हे सूत्र प्रत्यक्षात कसे चालते हे पाहावयाचे असेल तर आमच्या मते कोरियाइतके स्पष्ट उदाहरण पुढच्या इतिहासात दुसरे सापडणार नाही. जगातील बहुतेक देशांत मिशनरी गेले आणि ख्रिस्तसभा स्थापन झाली. कोरियात ती प्रापंचिकांनी आपल्या घरांत स्थापन केली. १७८४ ते १८३४ या पहिल्या पन्नास वर्षांत त्या भाविकांना अवघी सहा वर्षे, आणि तेही एकच धर्मगुरू लाभले.

ग्रंथातून घरात

कोरियात त्या वेळी चोसोन राजघराण्याची सत्ता होती. परदेशीयांना प्रवेश नव्हता. मात्र दरवर्षी बीजिंगला जाणाऱ्या राजदूतांच्या तांड्याबरोबर चिनी भाषेतील ग्रंथ देशात येत. त्यांत जेझुइट धर्मगुरू मात्तेओ रिच्ची यांचा १६०३ साली प्रसिद्ध झालेला, स्वर्गाच्या प्रभूची सत्य शिकवण सांगणारा ग्रंथही होता. कन्फ्यूशियसच्या परंपरेत वाढलेले काही तरुण विद्वान १७७९ च्या सुमारास डोंगरातील एका मठात एकत्र येऊन या ग्रंथांवर चर्चा करू लागले. त्यांच्यातील यी ब्योक यांना हा निव्वळ वादाचा विषय वाटेना. त्यांचे मित्र यी सुंग-हून १७८३ च्या अखेरीस वडिलांबरोबर राजदूतांच्या तांड्यातून बीजिंगला निघाले, तेव्हा तेथील धर्मगुरूंना अवश्य भेटावे, असे यी ब्योक यांनी त्यांना सांगून ठेवले.

१७८४ च्या प्रारंभी बीजिंगमध्ये यी सुंग-हून यांना पेत्र या नावाने स्नानसंस्कार मिळाला. ते ग्रंथ, क्रूस व पवित्र चित्रे घेऊन परतले आणि त्याच वर्षी त्यांनी यी ब्योक व क्वोन इल-शिन यांना राजधानीतील एका घरात स्नानसंस्कार दिला. क्वोन यांनी फ्रान्सिस झेवियर हे नाव घेतले. ज्या संताचे पार्थिव आपल्या गोव्यात आहे, त्याचे नाव त्याने कधीही न पाहिलेल्या देशात असे एका घराच्या चार भिंतींत उच्चारले गेले.

लवकरच किम बोम-उ या दुभाष्याच्या घरी नियमित सभा भरू लागल्या. १७८५ साली सरकारी शिपायांनी त्या घरावर छापा घातला. जमलेल्यांपैकी उच्चकुलीन विद्वानांना समज देऊन सोडण्यात आले. किम बोम-उ हे मध्यम वर्गातील असल्यामुळे त्यांना मात्र मारहाण करून हद्दपार करण्यात आले आणि त्या जखमांतच पुढे त्यांचा अंत झाला. यी ब्योक यांना त्यांच्या वडिलांनीच घरात कोंडून ठेवले. तेही अल्पावधीत मरण पावले. पहिल्याच वर्षी घर गेले, यजमान गेला आणि मार्गदर्शकही गेला. तरीही सभा थांबल्या नाहीत, कारण तोवर ज्यांना शिकविले गेले होते ते आपापल्या गावी जाऊन भावंडांना, चाकरांना, शेजाऱ्यांना शिकवू लागले होते.

येथे एक नाजूक प्रसंग नमूद केला पाहिजे. १७८६ च्या सुमारास या भाविकांनी बीजिंगमध्ये पाहिलेल्या व्यवस्थेचे अनुकरण करून आपल्यातूनच काही जणांची धर्मगुरू म्हणून निवड केली. ते मिस्सा अर्पण करू लागले, पापनिवेदन ऐकू लागले. पुढे ग्रंथांचे अधिक बारकाईने वाचन केल्यावर त्यांना स्वतःलाच शंका आली. त्यांनी ते काम तत्काळ थांबविले आणि १७८९ मध्ये युन यु-इल यांच्या हाती बीजिंगचे बिशप अलेशांद्र द गोव्हेया यांना पत्र धाडले. (बीजिंगचा धर्मप्रांत त्या काळी गोव्याच्या महाधर्मप्रांताशी संलग्न होता, वसईचे धर्मग्रामही तेव्हा गोव्याच्याच अधीन होते.) अभिषेकाविना कोणी धर्मगुरू होऊ शकत नाही, प्रापंचिकांनी गरजेनुसार स्नानसंस्कार मात्र देत राहावा, असे उत्तर आले. त्यांनी ते मानले. गृहमंडळीच्या नावाखाली ख्रिस्तसभेशी फारकत घेणाऱ्यांची उदाहरणे आपण पाहतो. कोरियातील या मंडळींनी मात्र आपल्याला धर्मगुरू हवा, म्हणून सीमेपलीकडे माणसे पाठविली आणि त्यांतील कित्येकांनी त्यासाठी प्राण दिले.

पूर्वजांच्या पाट्या

बीजिंगहून आलेल्या मार्गदर्शनात पूर्वजांच्या नावाच्या पाट्या ठेवून त्यांपुढे विधी करण्यास मनाई होती. कोरियन समाजात हा विधी नाकारणे म्हणजे आईबापांना व पर्यायाने राजाला नाकारणे होय. युन जी-चुंग यांनी आईच्या मृत्यूनंतर तो विधी केला नाही, पाट्या जाळल्या. ८ डिसेंबर १७९१ रोजी चोंजू येथे त्यांचा व त्यांचे आप्त क्वोन सांग-योन यांचा शिरच्छेद करण्यात आला. अनेक विद्वान कुटुंबे या काळात भयाने अथवा मनापासून न पटल्यामुळे मागे फिरली. चीनमधील अशा विधींना केवळ आदराची कृती मानून रोमने ८ डिसेंबर १९३९ रोजी मुभा दिली आणि ती सवलत पुढे कोरियालाही लागू झाली. तारीख तीच, वर्षे १४८ उलटलेली. या योगायोगावर भाष्य करण्याचे आम्ही टाळतो. मात्र त्या दोघांच्या आज्ञापालनाचे मोल त्यामुळे उणे होत नाही, असे आम्हांस वाटते. २०२१ मध्ये त्यांचे अवशेष सापडल्याचे चोंजू धर्मप्रांताने जाहीर केले.

शिकलेल्याने शिकवावे

चिनी धर्मगुरू झोऊ वेनमो यांनी १७९४ च्या डिसेंबरात रात्रीच्या वेळी यालू नदी ओलांडून कोरियात प्रवेश केला. १७९५ च्या ईस्टरला राजधानीतील एका घरात मिस्सा अर्पण झाली. तोवर सुमारे ४,००० भाविक त्यांची वाट पाहत होते. त्याच वर्षी घराचा सुगावा लागला. घराचे यजमान च्वे इन-गिल हे चिनी भाषा जाणत असल्यामुळे त्यांनी स्वतःच चिनी धर्मगुरू असल्याची बतावणी केली आणि फादर झोऊ यांना निसटण्यास अवधी मिळवून दिला. च्वे, युन यु-इल व वाटाड्या जी ह्वांग या तिघांचा छळ होऊन २८ जून १७९५ रोजी अंत झाला.

फादर झोऊ यानंतर सहा वर्षे कांग वान-सुक या विधवासम जीवन जगणाऱ्या स्त्रीच्या घरी लपून राहिले. नवऱ्याने धर्मामुळे तिला दूर केले होते. उच्चकुलीन स्त्रीच्या घराची झडती घेण्याचा प्रघात नव्हता आणि या बाईंनी त्या रूढीचाच आडोसा केला. त्यांनी आपली सासू, सावत्र मुलगा, दासी व असंख्य शेजारणींना धर्मशिक्षण दिले. माजघरातून माजघरात जाण्याची मुभा फक्त स्त्रियांना होती. ख्रिस्तवाणीही त्याच वाटेने गेली.

या काळात शिष्य घडविण्याच्या कार्याला व्यवस्थित रूप आले. फादर झोऊ यांनी 'म्योंगदोहोए' नावाची धर्मशिक्षण सभा स्थापिली व तिचे प्रमुख म्हणून चोंग याक-जोंग यांना नेमले. पाचसहा जणांचे लहान गट निरनिराळ्या घरी जमत. स्वतः नीट शिकणे व इतरांना शिकविणे हे सभासदाचे कर्तव्य असे आणि या कामात तो किती झटतो यावरून त्याची पारख होई. चोंग यांनी सामान्य स्त्रीपुरुषांसाठी धर्मतत्त्वांचे दोन भागांचे पुस्तक हांगुल या सोप्या कोरियन लिपीत लिहिले. विद्वान मंडळी चिनी लिपीत लिहिण्यातच प्रतिष्ठा मानीत असताना त्यांनी हे केले. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्तपुराण मराठीत रचले त्याची आठवण येथे होणे स्वाभाविक आहे. १८०० च्या सुमारास भाविकांची संख्या १०,००० पर्यंत पोहोचली होती. एकाच, तेही लपून राहणाऱ्या, धर्मगुरूच्या हातून ही वाढ होणे शक्य नव्हते. ती गटागटांतून झाली.

आमच्या धर्मग्रामांतील लघु ख्रिस्ती समूहांच्या सभांना आम्ही अनेकदा हजर असतो. तेथे जपमाळ होते, चहा होतो, पुढची तारीख ठरते. परंतु गेल्या वर्षभरात या समूहातील कोणी कोणाला श्रद्धेत घडविले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

त्या घरांत कोण बसत असे, हेही पाहण्यासारखे आहे. ह्वांग इल-ग्वांग हे खाटकाच्या जातीत जन्मले होते. कोरियात ही जात अस्पृश्यवत मानली जाई. लहान मुलानेही त्यांना तुच्छतेने हाक मारावी, अशी रीत होती. ख्रिस्ती मंडळीत मात्र कुलीन घरच्या लोकांनी त्यांना आपल्या खोलीत, आपल्या शेजारी बसविले. आपल्यासाठी दोन स्वर्ग आहेत, एक मरणानंतरचा आणि एक इथे या मंडळीत, अशा आशयाचे ते बोलत असत. १८०२ मध्ये त्यांनी रक्तसाक्ष दिली. जातीची उतरंड ज्यांच्या परिचयाची आहे, त्या मराठी वाचकांना याहून अधिक सांगण्याची आवश्यकता नाही.

छळ आणि डोंगरातील गावे

१८०१ मध्ये देशव्यापी छळ सुरू झाला. चोंग याक-जोंग व यी सुंग-हून यांचा ८ एप्रिल रोजी, कांग वान-सुक यांचा २ जुलै रोजी शिरच्छेद झाला. आपल्यामुळे इतरांना यातना होत आहेत हे पाहून फादर झोऊ स्वतः स्वाधीन झाले व ३१ मे रोजी मारले गेले. ह्वांग सा-योंग या तरुणाने एका गुहेत लपून रेशमी कापडावर बीजिंगच्या बिशपांना पत्र लिहिले. छळाची हकीकत म्हणून ते अमोल आहे, पण त्यात पाश्चात्त्य युद्धनौकांनी येऊन राजसत्तेवर दडपण आणावे, अशी विनंतीही होती. पत्र पकडले गेले आणि ख्रिस्ती म्हणजे देशद्रोही हा आरोप कित्येक दशके चिकटून राहिला. तलवारीच्या आधाराची ती मागणी दुःखातून आलेली असली तरी समर्थनीय नव्हती.

वाचलेले भाविक डोंगरांत पांगले. मातीची भांडी घडविणे व तंबाखू पिकविणे हे त्यांचे उद्योग झाले. भांडी विकण्यासाठी गावोगाव फिरणाऱ्याचा कोणाला संशय येत नसे. तो दूरच्या श्रद्धाबंधूंची खबर आणी आणि प्रार्थनाही शिकवी. प्रत्येक वस्तीत एक प्रापंचिक प्रमुख रविवारची प्रार्थना चालवी, मुलांना धर्मपाठ देई, मृत्युशय्येवरील माणसाजवळ बसे.

याच काळात चोंग याक-जोंग यांचे पुत्र पौल चोंग हा-सांग अनेक वेळा पायी बीजिंगला गेले. १८२५ च्या सुमारास भाविकांनी पोपमहोदयांना पत्र लिहून धर्मगुरू धाडण्याची विनंती केली. ९ सप्टेंबर १८३१ रोजी कोरियासाठी स्वतंत्र प्रेषितीय प्रांत निर्माण झाला. १८३६ मध्ये फ्रेंच धर्मगुरू मोबां आले आणि त्यांनी तीन मुलांना मकावला शिक्षणासाठी पाठविले. त्यांपैकी आंद्रेया किम ते-गोन हे १८४५ मध्ये पहिले कोरियन धर्मगुरू झाले व पुढच्याच वर्षी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, हुतात्मा झाले. दुसरे, फादर थॉमस च्वे यांग-ओप, बारा वर्षे डोंगरातील शंभराहून अधिक वस्त्या पायी फिरत राहिले आणि १८६१ मध्ये श्रमाने कोसळले. १८६६ च्या छळात सुमारे ८,००० भाविक मारले गेले, असे मानले जाते.

आज दक्षिण कोरियाच्या लोकसंख्येत कॅथलिकांचे प्रमाण सुमारे ११ टक्के आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी ६ मे १९८४ रोजी सोल येथे १०३ जणांना संतपद दिले. त्यांत चोंग हा-सांग, त्यांची आई व बहीण आहेत. त्यांचा सण २० सप्टेंबर रोजी असतो. पोप फ्रान्सिस यांनी १६ ऑगस्ट २०१४ रोजी १२४ जणांना धन्य घोषित केले; त्यांत फादर झोऊ, चोंग याक-जोंग, कांग वान-सुक, युन जी-चुंग व ह्वांग इल-ग्वांग आहेत. यी ब्योक, यी सुंग-हून, क्वोन इल-शिन व किम बोम-उ, म्हणजे ज्यांनी पहिली घरे उघडली ते, या दोन्ही सूचींत नाहीत. यी सुंग-हून यांनी दडपणाखाली एकाहून अधिक वेळा श्रद्धा नाकारल्याच्या नोंदी आहेत, यी ब्योक यांच्या अखेरच्या दिवसांविषयीही मतभेद आहेत. यी ब्योक व त्यांचे १३२ सहकारी यांच्या धन्यपदाची स्वतंत्र प्रक्रिया कोरियन ख्रिस्तसभेने हाती घेतली आहे.