‘इंटरनीसाइन’मधला ‘इंटर’

‘इंटरनीसाइन’ हे विशेषण इंग्रजी अग्रलेखांत आणि इतिहासाच्या पुस्तकांत अधूनमधून भेटते. बोलण्यात जवळजवळ कधीच नाही. असा शब्द पुढे आला की आपण त्याची फोड करून अर्थ लावतो. ‘इंटर’ म्हणजे आपसात, म्हणून इंटरनीसाइन युद्ध म्हणजे आपसातले, घरातले युद्ध. चांगले शिकलेले लोकही हीच फोड सांगतात. यातून निघणारा अर्थ आज रूढ आहे हे मला मान्य आहे. फोड मात्र चुकीची आहे, आणि तिच्यामुळे या शब्दाचा अर्धा आशय हरवतो.

मूळ लॅटिन विशेषण ‘इंटरनेकिनुस’. त्यामागचे क्रियापद ‘इंटरनेकारे’, म्हणजे एकही उरणार नाही असे मारणे. ‘नेकारे’ म्हणजे ठार मारणे. तो धातू आणि आपल्या ‘नाश’मधला ‘नश्’ एकाच कुळातले. हा शब्द रोमन लोक कुठे वापरत, ते सीझरकडे पाहावे. इ.स.पू. 57 मध्ये आजच्या बेल्जियमच्या भागातील नेर्वी जमातीचा त्याने पराभव केला आणि ही जमात जवळजवळ ‘इंटरनेकिओ’पर्यंत (याच क्रियापदापासूनचे नाम) पोचली असे लिहिले. त्याच्या सांगण्याप्रमाणे साठ हजार लढवय्यांपैकी जेमतेम 500 उरले, 600 वडीलधाऱ्यांपैकी तीन. (तीनच वर्षांनी याच नेर्वींनी रोमन छावणीला वेढा घातला, तेव्हा आकडे फुगवलेले असणार.) पण आकड्यांचे काहीही असो, हे युद्ध आपसातले नव्हते. रोमनांनी परक्या जमातीचा केलेला तो संहार होता. तरीही शब्द तोच.

मग ‘इंटर’ इथे करतो काय, हा प्रश्न उरतो. लॅटिनमध्ये ‘इंटरिरे’ म्हणजे नष्ट होणे आणि ‘इंटरफिकेरे’ म्हणजे ठार मारणे. या दोन्ही क्रियापदांत ‘परस्पर’ असे काही नाही. मराठी माणसाला यात परके वाटू नये, कारण लॅटिन ‘इंटर’ आणि संस्कृत ‘अंतर्’ ही सख्खी भावंडे आहेत आणि आपल्याकडेही हीच वाट दिसते. देव अंतर्धान पावतो तेव्हा तो दिसेनासा होतो. लेकरू आईबापांना अंतरते तेव्हा ते त्यांना कायमचे दुरावते. मधल्या जागेचा अर्थ दुराव्यापर्यंत आणि पुढे नाहीसे होण्यापर्यंत सरकतो. ‘इंटर’ पाहिला की ‘आपसात’ म्हणणाऱ्यांनी आधी ‘अंतरणे’ आठवावे.

‘आपसात’ हा अर्थ आला कुठून, तेही सांगता येते. सतराव्या शतकात सॅम्युअल बटलरने ‘ह्युडिब्रास’ या उपहासकाव्यात प्राचीन इजिप्तमधल्या कुत्र्यांना पुजणाऱ्यांच्या धर्मयुद्धाला हे विशेषण लावले. प्लुटार्कने अशी एक हकिकत नोंदवलेली आहे: एका नगराला कुत्रा पवित्र, शेजारच्या नगराला एक मासा; दोघांनी एकमेकांचे पवित्र प्राणी खाल्ले आणि युद्ध पेटले. 1755 मध्ये डॉ. सॅम्युअल जॉन्सनने आपल्या कोशात बटलरच्याच ओळी उदाहरणादाखल घेतल्या आणि ‘परस्परांचा नाश करू पाहणारे’ अशी व्याख्या दिली. लॅटिनमध्ये मुरलेल्या माणसाच्या हातून हे घडले. माझ्या मते उदाहरणातल्या शेजाऱ्यांच्या भांडणाने आणि ‘इंटर’च्या ओळखीच्या अर्थाने मिळून त्याला ओढून नेले. शब्द दुर्मिळ, उदाहरणे थोडी आणि कोशाचा दरारा मोठा. पुढच्या लेखकांनी तीच व्याख्या उचलली.

यावर काही व्युत्पत्तीप्रेमी म्हणतात की रूढ अर्थ टाकून लॅटिनकडे परत जावे. त्यांच्याशीही मी सहमत नाही. अडीचशे वर्षांहून अधिक काळ ज्या अर्थाने एक भाषा शब्द वापरते, तो त्याचा अर्थच होय. इंग्रजी शब्दवापराचा कोश लिहिणाऱ्या फाउलरनेही 1926 मध्ये या शब्दाच्या विचित्र नशिबाची नोंद केली होती. जॉन्सनने अर्थामध्ये ‘परस्पर’ची भर घातली, पण ‘नाश’ त्याने काढून टाकला नव्हता. तो नंतरच्या लेखकांनी काढला. आज पक्षातली तिकिटांची कुरकुर किंवा दोन खात्यांतली ओढाताण यांनाही इंटरनीसाइन म्हटले जाते. लॅटिनच्या आणि जॉन्सनच्याही कसोटीवर हा वापर टिकत नाही.

मराठीत या शब्दासाठी ‘अंतर्गत कलह’ लिहितात, ते मला फार फिके वाटते. आपल्याकडे ‘यादवी’ आहे. महाभारताच्या मौसलपर्वात प्रभासक्षेत्री यादव एरका गवताची मुसळे घेऊन एकमेकांवर तुटून पडले आणि कुळ जवळजवळ निःशेष झाले. सीझरचा अर्थ आणि जॉन्सनचा अर्थ त्या एका शब्दात एकत्र नांदतात. तिकिटांच्या कुरकुरीसाठी ‘भाऊबंदकी’ पुरेशी आहे.