मरुभूमीतील सर आणि झुडपाखालची माती

मरुभूमीतील वनस्पतिजीवनाचा विचार दीर्घकाळ वार्षिक पर्जन्यमानावर अधिष्ठित होता. पाऊस किती पडला, हे विचारले जाई; तो कसा पडला, हे क्वचितच. ही दृष्टी पालटण्यास अनेक दशके लागली.

या पालटाचा आरंभ मुळांच्या अभ्यासात आढळतो. कार्नेगी संस्थेने १९०३ साली ॲरिझोनातील टूसॉन येथे मरुभूमी-प्रयोगशाळा स्थापन केली. तेथील डब्ल्यू. ए. कॅनन यांचा मरुवनस्पतींच्या मुळांवरील ग्रंथ १९११ साली प्रसिद्ध झाला. निवडुंगाची मुळे उथळ व दूरवर पसरलेली असतात, तर क्रिओसोट झुडपाची मुळे आडवी पसरतात आणि खालीही उतरतात, हा भेद त्यांनी मांडला. पाणी मातीत किती खोल मुरते, यावर कोणत्या वनस्पतीस त्याचा लाभ होणार हे ठरते, हे त्यातून उघड झाले. मातीतील सूक्ष्मजंतू मात्र या विवेचनाबाहेरच राहिले.

ती बाजू पूर्व आफ्रिकेतील संशोधनाने उजेडात आणली. कोरडी माती भिजताच सूक्ष्मजंतूंचे श्वसन एकाएकी वाढते आणि नायट्रोजन मोकळा होतो, हे एच. एफ. बर्च यांनी १९५८ साली दाखविले. हे संशोधन मरुभूमीपुरते नव्हते. तथापि कोरडेपणा व ओलावा यांचा फेरा जेथे तीव्र, तेथे त्याचे महत्त्व विशेष होते. पुढे १९७३ साली इम्मानुएल नॉय-मेइर यांनी तुरळक व अनिश्चित सरी हेच मरुजीवनाचे नियामक तत्त्व मानले.

या दोन धारा एकत्र आणल्या म्हणजे प्रश्नाचे खरे स्वरूप कळते. सूक्ष्मजंतू काही तासांतच जागे होतात; मुळांना मात्र अधिक अवधी व अधिक खोल ओल लागते. हलक्या सरीने वरचा थर भिजून कर्ब हवेत जातो, पण झुडपाच्या पदरी फारसे काही पडत नाही. म्हणून एकूण पाऊस समान असूनही अनेक हलक्या सरी व एक मोठी सर यांचे फळ भिन्न असते.

झुडपाखाली पालापाचोळा साचून माती समृद्ध होते. गार्सिया-मोया व मॅकेल यांनी १९७० साली झुडपांखालच्या मातीत नायट्रोजनाचा असा संचय नोंदविला. परंतु १९९० साली श्लेसिंजर व त्यांचे सहकारी यांनी या समृद्धीची दुसरी बाजू पुढे आणली. गवताळ भूमीवर झुडपे पसरली की पोषकद्रव्ये त्यांच्या तळाशी एकवटतात आणि मधली उघडी जमीन वारा व वाहते पाणी यांच्या तोंडी सापडते. तात्पर्य, झुडपाखालची सुपीकता हीच भोवतालच्या भूमीच्या ऱ्हासाची खूण असू शकते. केवळ पर्जन्यमापकावरून मरुभूमीचे भवितव्य वर्तविणाऱ्यास ही गोष्ट दृष्टिआड करता येणार नाही.